माळ, वारा आणि सातबारा

मराठवाड्यातील गावाचा नकाशा हा जातीचाही नकाशा असतो. नदीकाठची काळी पाटला-देशमुखांची, त्यावरची मध्यम जमीन कुणब्याची, आणि जिथे मुरूम उघडा पडतो, पाणी ठरत नाही, तो माळ कुणाचाच नाही, म्हणजे सरकारचा. या कुणाच्याच नसलेल्या माळावर गावकुसाबाहेरच्या माणसाने दगड वेचले, बांध घातले, बाजरी-मठ पेरली. गावाने त्याला अतिक्रमण म्हटले. आज त्याच माळावरून वाहणाऱ्या वाऱ्याला आणि त्याच माळावर पडणाऱ्या उन्हाला किंमत आली आहे. तेव्हा वाऱ्याच्या विजेचा प्रश्न हा केवळ अभियंत्यांचा प्रश्न राहत नाही. तो जमिनीच्या इतिहासाचा प्रश्न होतो, आणि तो इतिहास आपणच मांडला पाहिजे.

जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी औरंगाबाद आणि परभणी या जिल्ह्यांतून वेगळा झाला. उत्तरेला भोकरदन-जाफराबादकडे अजिंठ्याच्या डोंगररांगा, दक्षिणेला अंबड-घनसावंगी-परतूरकडे गोदाकाठ. गोदावरीपलीकडे बीड जिल्हा आहे आणि तेथे पवनचक्क्या फिरत आहेत. उद्या आपल्या जिल्ह्यातील एखाद्या माळावर असा प्रकल्प आखला जाईल तेव्हा ग्रामसभेत पहिला प्रश्न कोणता विचारायचा, याची तयारी आजच करायला हवी.

विजेच्या विरोधात बोलणे ही आपली परंपरा नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याकडे होते. 25 ऑक्टोबर 1943 रोजी वीजविषयक धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी मांडलेला विचार आजही ताजा आहे: वीज स्वस्त आणि मुबलक हवी, कारण उद्योगीकरणाशिवाय या देशातील माणूस दारिद्र्याच्या चक्रातून सुटणार नाही. म्हणजे वीज हे त्यांच्या लेखी ऐषआरामाचे साधन नव्हते, ते मुक्तीचे साधन होते. पुढे 1947 साली त्यांनी 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात शेतजमीन आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मागणी केली. वीज आणि जमीन हे दोन प्रश्न त्यांनी एकमेकांपासून तोडले नव्हते. आपल्या नियोजनकारांनी ते तोडले.

पवनऊर्जेचा महाराष्ट्रातील इतिहास फार जुना नाही. 1985 साली 'महाऊर्जा' ही शासकीय संस्था स्थापन झाली. 1986 साली देशात जे पहिले प्रात्यक्षिक प्रकल्प झाले, त्यांत गुजरात व तामिळनाडूबरोबर आपला रत्नागिरीचा किनाराही होता. तेव्हा एका यंत्राची क्षमता 55 किलोवॉट होती. मोठी वाढ झाली ती 1998 नंतर, सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात, कोयनेच्या वरच्या वनकुसवडे पठारावर. पुढे सांगलीत ढालगाव, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल. या वाढीमागे वाऱ्याइतकाच आयकराचा जोर होता. यंत्राच्या किमतीवर पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा दाखवता येई आणि त्या मोबदल्यात कर वाचे. वर राज्याच्या विक्रीकराची सवलत होती. म्हणजे शहरातला नफा कर चुकवण्यासाठी डोंगरावर चढला. त्या योजनेत गुंतवणूकदार होता, यंत्र बनवणारा होता, वीज मंडळ होते. पठारावर गुरे चारणारा माणूस त्या कागदावर कोठेच नव्हता.

आता माळाचा इतिहास पाहू. 1948 पर्यंत आपला भाग निजामाच्या राज्यात होता. संस्थान गेले, इनामे रद्द करणारा कायदा 1954 साली झाला, कूळकायदे झाले. पण ज्याच्या नावावर कूळ म्हणूनही नोंद नव्हती त्या भूमिहीनाला यांतून काय मिळणार? म्हणून 1953 साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली मराठवाड्यात पडीक जमिनींसाठी सत्याग्रह झाला. 1959 साली नाशिक-खानदेशात तो पुन्हा उभा राहिला आणि 6 डिसेंबर 1964 पासून रिपब्लिकन पक्षाने तो देशभर नेला. लाखावर माणसे तुरुंगात गेली. आपल्या पाठ्यपुस्तकात या लढ्याला दोन ओळीही मिळत नाहीत, ही गोष्ट अध्यापक म्हणून मला दरवर्षी बोचते.

या लढ्यांच्या रेट्यामुळे शासनाला निर्णय घ्यावे लागले. 1978 च्या शासन निर्णयाने 31 मार्च 1978 पर्यंतची भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. 28 नोव्हेंबर 1991 च्या निर्णयाने ही मुदत 14 एप्रिल 1990 पर्यंत, म्हणजे बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाच्या प्रारंभापर्यंत वाढवली. पण कागदावरचा निर्णय तलाठ्याच्या दप्तरात उतरायला पिढी जाते. एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने मराठवाड्यात गायरानाचा लढा गावोगाव नेला तो यासाठीच.

माझ्या घरचे उदाहरण देतो. 1972 च्या दुष्काळात आजोबा खडी फोडायला होते. दुष्काळ हटल्यावर त्यांनी गायरानाचा तुकडा धरला. दर काही वर्षांनी पंचनामा होई, दंड बसे. आजी दंडाच्या पावत्या पत्र्याच्या डब्यात ठेवी. आम्हां मुलांना वाटे, ही अपमानाची कागदे कशाला जपायची? पदवी घेऊन मी घरातला पहिला शिकलेला झालो आणि महसूल कायदा वाचू लागलो, तेव्हा उमगले की ती दंडाची पावती हाच आमच्या ताब्याचा पुरावा. शासनाने गुन्हा म्हणून ज्याची नोंद केली, त्याच नोंदीवर हक्क उभा राहतो. आजी निरक्षर होती, पण कागदाचे मोल तिला आमच्याआधी कळले होते. तरीही आमच्या तुकड्याचा सातबारा अजून आमच्या नावे झालेला नाही.

28 जानेवारी 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश दिले. त्यावरून महाराष्ट्र शासनाने 12 जुलै 2011 चा निर्णय काढला. त्या निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमाती यांना शासकीय अधिसूचनेने दिलेल्या जमिनींचा अपवाद स्पष्टपणे नमूद आहे. निकालातला हुकूम सर्वांना पाठ आहे, अपवाद कुणी वाचत नाही. 2022 साली उच्च न्यायालयासमोर गायरानांचा प्रश्न आला तेव्हा राज्यभर नोटिसांची धास्ती पसरली. याच सुमारास गायरानाला नवे गिऱ्हाईक मिळाले. 2023 च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये सौर प्रकल्पांसाठी शासकीय जमिनी नाममात्र भाड्याने देण्याची तरतूद झाली. खाजगी जमीन दिली तर खातेदाराला हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार रुपये भाडे. ज्याच्या नावे सातबारा, त्याला भाडे. ज्याच्या नावे फक्त दंडाची पावती, त्याला नोटीस. ऊन एकच आहे. फरक कागदाचा आहे, आणि कागदामागे जात आहे.

धुळे जिल्ह्यात साक्रीच्या डोंगरांवर हेच वाऱ्याच्या नावाने घडले. वनजमिनी पवनचक्क्यांना गेल्या. तेथे पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या आदिवासींना 2006 च्या वनहक्क कायद्याखाली आपला हक्क सांगत आंदोलने करावी लागली. बीड जिल्ह्यात तर याहून भयंकर घडले. डिसेंबर 2024 मध्ये केज तालुक्यात पवनऊर्जा कंपनीच्या आवारात पहारेकऱ्याला मारहाण झाली. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख त्याच्या मदतीला धावले, आणि 9 डिसेंबरला त्यांची हत्या झाली. कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी या हत्येचा संबंध तपासयंत्रणेने जोडला आहे. निवाडा न्यायालय देईल. पण एवढे उघड आहे की जिथे प्रकल्पाचा लाभ ग्रामसभेत उघडपणे ठरत नाही, तिथे तो अंधारात वाटून घेणारे उभे राहतात.

मग प्रकल्प नकोच काय? नाही. प्रकल्प हवा, पण तो आखताना आपण टेबलाशी हवे. त्यासाठी थोडे तंत्र समजून घ्यावे लागेल. वाऱ्याची शक्ती त्याच्या वेगाच्या घनाने वाढते. वेग सेकंदाला 5 मीटरवरून 6 मीटर झाला, म्हणजे केवळ पाचव्या हिश्श्याने वाढला, तरी शक्ती सुमारे 73 टक्क्यांनी वाढते. म्हणून कंपनीला उघडा, उंच माळच हवा असतो. प्रकल्पाआधी किमान वर्षभर मनोरा उभारून वाऱ्याची मोजणी करतात. गावात असा मनोरा दिसला की समजावे, आपल्याला तयारीला एक वर्ष मिळाले आहे. त्या वर्षात जमिनीचे दलालही फिरू लागतात. यंत्राच्या पायाला जागा थोडी लागते, परंतु रस्ते, उपकेंद्र आणि तारा यांना पुष्कळ लागते, आणि तेवढ्याने कसणाऱ्याचे शेत तुटते. आपल्याकडे वाऱ्याचा भर पावसाळ्यात असतो, रब्बीच्या पाण्याला वीज लागते तेव्हा तो मंद होतो. तेव्हा 'पवनचक्की आली की मोटार फुकट चालेल' असे सांगणारा माणूस एक तर अजाण आहे किंवा लबाड.

लाभाचा हिशेब मात्र करता येतो. 2 मेगावॉटचे एक यंत्र क्षमतेच्या 25 टक्के चालले असे धरले, तर वर्षाला 43 लाख 80 हजार युनिट वीज होते. युनिटमागे फक्त 5 पैसे गावाचे ठरले तर एका यंत्रामागे 2 लाख 19 हजार रुपये आणि वीस यंत्रांमागे 43 लाख 80 हजार रुपये दरवर्षी येतील. हे दान नव्हे, हा वाटा आहे. कंपनीने कमान, सभामंडप बांधून दिला की गाव खूश होते. पण मंडपाच्या पायरीवर आपल्याला आजही विचारले जाते, कोण रे तू? वाटा पैशात आणि नोंदीत असला पाहिजे.

असा वाटा जगात कुणी मिळवलाच नाही असे नाही. डेन्मार्कमध्ये 1978 साली त्विंड येथील शाळांच्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी आपल्या हाताने एक प्रचंड पवनचक्की उभारली. कोपनहेगनजवळच्या मिडलग्रुंडेन येथे 2000 च्या सुमारास उभ्या राहिलेल्या 40 मेगावॉटच्या प्रकल्पातील अर्धी मालकी आठ हजारांवर सभासदांच्या सहकारी संस्थेची होती. 2008 च्या तेथील कायद्याने नव्या प्रकल्पाचे किमान 20 टक्के भाग परिसरातील रहिवाशांना देऊ करणे काही काळ बंधनकारक होते. परंतु तेथे भाग घ्यायला लोकांजवळ बचत होती. आपल्याकडे सहकार म्हटले की साखर कारखाना डोळ्यांपुढे येतो, ज्यात भाग उसवाल्याचा आणि कोयता भूमिहीनाचा. तोच सहकार वाऱ्याला जोडला तर काळ्या जमिनीचा मालक वाऱ्याचाही मालक होईल.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी 1991 च्या निर्णयाखालील प्रलंबित दाव्यांचा निकाल, मग प्रकल्पाची मोजणी. कसणाऱ्याच्या ताब्यातील गायरान प्रकल्पाला हवे असेल तर भाड्याचा धनी कसणारा. भूमिहीन कुटुंबांना रोख पैसा न मागता प्रकल्पात भाग, कारण जमीन आणि श्रम यांचे भांडवल त्यांनी अर्धशतक आधीच घातले आहे. पहारेकऱ्याच्या नोकरीवर समाधान नको, यंत्राची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाचे शिक्षण आपल्या मुला-मुलींना हवे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 खाली जो कर बसू शकतो तो बसवावा आणि त्याचा खर्च वस्तीनिहाय फलकावर लिहावा.

विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे: सुटीत गावी जाल तेव्हा घरातले पत्र्याचे डबे उघडा. दंडाच्या पावत्या, पंचनामे, एक-ई नोंदींचे उतारे गोळा करा, त्यांच्या नकला काढा, तारखा लावा. शिक्षक-कार्यकर्त्यांनी प्रत्येक गावाच्या गायरानाचा असा इतिहास लिहून ग्रामसभेच्या इतिवृत्तात दाखल करावा. मोजणीचा मनोरा माळावर उभा राहण्याआधी हे काम झाले पाहिजे. त्यानंतर आलेल्या कागदाला कचेरीत नुसती पोच मिळते.