शेअर्ड लायब्ररीतील निर्यात : सी भाषेतील एका प्रश्नाचा इतिहास

प्रस्तावना

रत्नागिरी जिल्ह्यातील ‘हर्णे’ हे बंदराचे नाव संगणकात ह, र, हलन्त चिन्ह, ण आणि एकार अशा पाच युनिकोड चिन्हांच्या क्रमाने साठविले जाते. पडद्यावर मात्र र चा रफार होऊन तो ‘णे’च्या माथ्यावर यावा लागतो. लिनक्सवरील ग्नोम व लिब्रेऑफिस यांत हे काम हार्फबझ ही शेअर्ड लायब्ररी करते. अनेक प्रोग्रॅम एकाच वेळी वापरीत असलेल्या अशा लायब्ररीने आपली कोणती फंक्शन्स व चल बाहेर खुली करावीत, म्हणजेच ‘निर्यात’ करावीत, या प्रश्नाचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

सी भाषेत ‘स्टॅटिक’ हा शब्द फंक्शनचे नाव एका फाइलपुरते मर्यादित ठेवतो; एरवी ते सर्व फाइलींना दिसते. ‘लायब्ररीत सर्वत्र, पण बाहेर नाही’ अशी मधली पायरी मूळ भाषेत नाही. १९८८ च्या सनओएस ४.० मध्ये, आणि पुढे युनिक्स सिस्टिम फाइव्हच्या चौथ्या आवृत्तीतील ‘एल्फ’ या फाइलरचनेत, शेअर्ड लायब्ररी रूढ झाल्या, तेव्हा ही उणीव जाणवू लागली. एल्फमध्ये अशी सर्व नावे आपोआप निर्यात होत. विंडोजमध्ये नेमकी उलट रीत होती : घोषित केल्याखेरीज नाव बाहेर जात नसे. २००५ मध्ये जीसीसी ४.० ने सर्व नावे झाकून निवडकच उघडण्याची सोय दिली.

चलांची अडचण

चल निर्यात करणे अधिक जोखमीचे असते. एल्फमध्ये मुख्य प्रोग्रॅम पुष्कळदा अशा चलाची प्रत स्वतःच्या स्मृतीत ठेवतो. त्यामुळे त्याचा आकारही कराराचा भाग बनतो. लायब्ररीने तो पुढे वाढविल्यास जुने प्रोग्रॅम बिघडू शकतात. ‘एर्नो’ हे त्रुटिक्रमांकाचे चल प्रारंभी साधे सामायिक चल होते. एका प्रोग्रॅममध्ये अनेक थ्रेड चालू लागल्यावर एकच जागा पुरेनाशी झाली. ग्लिबसीमध्ये आता त्या नावामागे प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र पत्ता देणारे फंक्शन आहे.

समारोप

हार्फबझ आतून सी++ मध्ये लिहिलेली असली, तरी बाहेर ‘एचबी’ या उपसर्गाची सी फंक्शन्सच खुली करते. रफार हलविणारी फंक्शन्स झाकलेली राहतात. म्हणून त्यांत सुधारणा झाली तरी तिच्यावर विसंबणारे प्रोग्रॅम पुन्हा बांधावे लागत नाहीत. एकदा निर्यात केलेले नाव मागे घेता येत नाही, कारण त्यावर कोण विसंबले आहे हे लायब्ररीच्या कर्त्यास कळत नाही. निर्यातीतील हा संयमच ‘हर्णे’सारखे नाव आवृत्त्या बदलल्या तरी शुद्ध उमटण्याची एक अट ठरतो.