गुलमंडी : नागरी निवडणुकांचा इतिहास

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराच्या जुन्या तटबंदीतील मध्यवर्ती बाजारपेठ व तिच्या भोवतीचा निवडणूक विभाग. पैठण दरवाजातून आत येणारा टिळक पथ गुलमंडीच्या चौकात येतो व तेथून मछली खडकमार्गे सिटी चौकाकडे वाट जाते. मलिक अंबराने १६१० मध्ये वसविलेल्या खडकीचे औरंगजेबाने १६५३ मध्ये औरंगाबाद केले आणि १६८२ च्या सुमारास तिला तट घातला. त्या तटाच्या आतील पेठा व मोहल्ले हेच पुढे नगरपालिकेच्या वॉर्डांचे मूळ घटक ठरले. कापड, सराफी, किराणा व भांडी यांच्या दुकानांवर राहणारी मराठी, गुजराती, मारवाडी व सिंधी कुटुंबे, सुपारी हनुमानाचे मंदिर, गणेशोत्सवाची मंडळे आणि सिटी चौकाच्या पलीकडील शहागंज, बुढी लेन व जुना बाजार या मुख्यतः मुस्लिम वस्त्या, अशा सीमेवर गुलमंडी उभी आहे. या सीमेवरच्या स्थानामुळेच एका लहानशा वॉर्डाच्या निवडणुकीस तिच्या आकाराच्या मानाने फार मोठे महत्त्व येत गेले.

औरंगाबाद नगरपालिकेची स्थापना १९३६ मध्ये, निजामाच्या अमदानीत झाली. हैदराबाद संस्थानात प्रौढ मताधिकार नव्हता. नागरी संस्थांवर सरकारी अधिकारी व सरकारनियुक्त सभासद यांचे वर्चस्व असे, कारभाराची भाषा उर्दू होती, आणि सामान्य रहिवाशाचा नगरपालिकेशी संबंध बहुधा करापुरता व नळापुरताच येई. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाल्यानंतर प्रौढ मताधिकार आला, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपालिका अधिनियमाने येथील कारभार राज्यातील इतर शहरांच्या बरोबरीला आणला. या काळात वॉर्डातील निवडणूक ही पुष्कळशी ओळखीची निवडणूक होती. उमेदवार म्हणजे त्याच गल्लीतील व्यापारी, वकील वा वैद्य असे. पक्षाचे नाव मागाहून येई. काँग्रेसचे वर्चस्व होते हे खरे. तथापि ते संघटनेपेक्षा घराण्यांच्या व जमातींच्या परस्पर समजुतीवर अधिक टिकून होते.

हा समतोल ढासळण्यास निवडणुकीपेक्षा शहराची वाढ अधिक कारणीभूत झाली. १९६० नंतर चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत, सत्तरीच्या दशकात सिडकोचे नवे शहर व ऐंशीच्या दशकात वाळूजचे कारखाने यांमुळे खेड्यांतून तरुणांचा लोंढा आला. ८ डिसेंबर १९८२ रोजी नगरपालिकेचे महानगरपालिकेत रूपांतर झाले, भोवतालची १८ गावे तीत घेण्यात आली आणि हद्द सु. ५४·५ चौ. किमी. वरून १३८·५ चौ. किमी. झाली. तटाच्या आतील शहर एका दिवसात अल्पक्षेत्र ठरले. मात्र नव्या महानगरपालिकेस निर्वाचित सभागृह मिळण्यास १९८८ साल उजाडावे लागले; तोपर्यंत प्रशासकाचा कारभार होता. ज्या वर्षांत शहर सर्वाधिक वेगाने बदलत होते, नेमक्या त्याच वर्षांत नागरिकांना गाऱ्हाणे नेण्यासाठी नगरसेवक नव्हता. ही पोकळी पक्षसंघटनांनी भरून काढली, असे म्हणावयास जागा आहे.

गुलमंडीत शिवसेनेची शाखा जून १९८५ मध्ये उघडली. मुंबई–ठाण्याबाहेर हा पक्ष तेव्हा फारसा रुजलेला नव्हता आणि ‘मराठी माणूस विरुद्ध परप्रांतीय’ ही त्याची मुंबईतील मांडणी येथे लागू पडण्याजोगी नव्हती; गुलमंडीच्या व्यापारी पेठेत तर नव्हतीच. येथे पक्षाने हिंदुत्वाची भूमिका घेतली व शाखेचा फळा, गणेश मंडळे आणि बेकार तरुण यांच्या बळावर पाय रोवले. १९८८ च्या पहिल्या निवडणुकीत ६० पैकी २७ जागा जिंकून शिवसेना सर्वांत मोठा पक्ष ठरली. तथापि बहुमत हुकले. काँग्रेसने इतर गटांच्या साहाय्याने सत्ता मिळविली व शांताराम काळे हे शहराचे पहिले महापौर झाले. ८ मे १९८८ रोजी मराठवाडा सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर झालेल्या विजयी सभेत बाळ ठाकरे यांनी शहराचे नाव ‘संभाजीनगर’ असल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात शहरात जातीय दंगल उसळली. नळ, गटार व रस्ते यांसाठी घेतलेल्या निवडणुकीचा शेवट शहराच्या नावाच्या वादात व्हावा, हा या इतिहासातील निर्णायक क्षण होय.

गुलमंडीतून नगरसेवक झालेले चंद्रकांत खैरे १९९० मध्ये विधानसभेवर गेले, १९९५ च्या युती मंत्रिमंडळात मंत्री झाले व १९९९ ते २०१९ या काळात लोकसभेत होते. पुढे २००५ मध्ये महापौर झालेले किशनचंद तनवाणी हेही याच परिसरातील. अशा उदाहरणांमुळे गुलमंडी जिंकणे म्हणजे शहर जिंकणे, असा समज रूढ झाला व उमेदवारीसाठी पक्षांतर्गत चुरस विरोधकांशी होणाऱ्या लढतीहून तीव्र होऊ लागली. दुसरी निवडणूक १९९५ मध्ये झाली. पाच वर्षांची मुदत असलेल्या सभागृहांच्या दोन निवडणुकांत सात वर्षांचे अंतर पडले. नव्या सभागृहाने जून १९९५ मध्ये नामांतराचा ठराव केला, नोव्हेंबरमध्ये राज्य शासनाने प्रारूप अधिसूचना काढली आणि एका नगरसेवकाने तिला न्यायालयात आव्हान दिले. २००१ मध्ये नव्या शासनाने ती अधिसूचना मागे घेतली.

ज्या सुधारणांनी वॉर्डाचे अंतरंग खरोखर बदलले त्या मात्र गाजावाजाविना आल्या. १९९३ पासून अंमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने स्त्रिया व अनुसूचित जाती-जमाती यांच्यासाठी राखीव जागा बंधनकारक केल्या. १९९४ मध्ये राज्य निवडणूक आयोग स्थापन झाला. महाराष्ट्रात मागासवर्गीय नागरिकांनाही आरक्षण मिळाले व २०११ मध्ये स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेण्यात आला. आरक्षण सोडतीने फिरत असल्यामुळे एखादा वॉर्ड पिढीजात जहागिरीसारखा बाळगणे कठीण झाले. ज्याचा वॉर्ड स्त्रियांसाठी राखीव होई तो पत्नीस वा सुनेस उभे करी, हे सर्वश्रुत आहे. परंतु तेवढ्यावरून या सुधारणेस नाममात्र ठरविणे योग्य नव्हे. तक्रार घेऊन नगरसेविकेच्या घरी जाणाऱ्या स्त्रियांना ओटीवर थांबावे लागत नाही, स्वयंपाकघरापर्यंत जाता येते, आणि पाणी किती दिवसांनी येते हे तेथे वेगळे सांगावे लागत नाही. २००७ ते २०१० या काळात विजया रहाटकर यांनी महापौरपद भूषविले.

पाण्याचा प्रश्न हाच वॉर्डातील मतदानाचा खरा कणा राहिला. मलिक अंबराच्या काळातील नहरीवर जगलेल्या शहरास पुढे जायकवाडीच्या नाथसागरातून पाणी उपसून आणावे लागले. धरण भरलेले असतानाही जलवाहिन्या अपुऱ्या पडल्याने नळास अनेक दिवसांआड पाणी येण्याची पाळी आली. खाजगी भागीदारीतून आखलेल्या समांतर जलवाहिनीचा करार २०१६ मध्ये रद्द झाला व २०१९ मध्ये नव्या योजनेस मंजुरी मिळाली. जुन्या शहरातील अरुंद बोळांत नळाच्या वेळा सांभाळणारा, टँकर पाठविणारा व तुंबलेले गटार उपसून घेणारा नगरसेवक पक्ष बदलूनही निवडून येई. मोठ्या घोषणांच्या निवडणुकीखाली दुसरी एक निवडणूक चालू असे ती अशी.

२०१५ ची निवडणूक ११३ एकसदस्यीय वॉर्डांत झाली. सरासरीने एका नगरसेवकामागे दहा हजारांच्या आसपास लोकसंख्या होती (२०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ११,७५,११६). शिवसेना पुन्हा सर्वांत मोठा पक्ष ठरली व भारतीय जनता पक्षाच्या साहाय्याने तिचा महापौर झाला. तथापि प्रथमच लढणाऱ्या मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन या पक्षाने जुन्या शहरातील मुस्लिम वस्त्या काँग्रेसकडून हिसकावून घेत दुसरे स्थान मिळविले आणि खुद्द गुलमंडीत शिवसेनेच्या अधिकृत उमेदवाराचा पराभव झाला. सिटी चौकाच्या दोन्ही बाजूंस मते अशी घट्ट विभागली गेली की, पूर्वी दोहोंकडून थोडीथोडी मते मिळविणाऱ्या उमेदवारास जागाच उरली नाही. फेब्रुवारी २०१८ पासून नारेगावच्या रहिवाशांनी कचरा टाकण्यास मज्जाव केल्याने शहरभर साठलेले ढीग आणि त्याच वर्षी मे महिन्यात शहागंज–राजाबाजार भागात झालेली दंगल या दोन्ही प्रसंगी हे सभागृह हतबल दिसले.

सभागृहाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. प्रथम कोविडची साथ व नंतर प्रभागरचना आणि मागासवर्गीय आरक्षण यांविषयीचे न्यायालयीन वाद यांमुळे निवडणूक लांबत गेली व पुन्हा जवळजवळ सहा वर्षे प्रशासक नेमला गेला. १९८२–८८ च्या पोकळीची ही पुनरावृत्तीच होय. या काळात शहराचे नाव अधिकृतपणे बदलले (केंद्राची मान्यता फेब्रुवारी २०२३). ज्या प्रश्नावर सभागृहाने १९९५ मध्ये ठराव केला होता तो अखेर सुटला तेव्हा ते सभागृह अस्तित्वात नव्हते. शिवसेनेतही २०२२ मध्ये फूट पडून गुलमंडीतील जुने सहकारी दोन पक्षांत वाटले गेले.

१५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले ते २९ बहुसदस्यीय प्रभागांतील ११५ जागांसाठी. भारतीय जनता पक्ष सर्वांत मोठा पक्ष ठरला व मजलिसने दुसरे स्थान राखले. शिवसेनेचे दोन्ही गट मागे पडले. एका प्रभागात साधारणतः चार सदस्य व सु. ४० हजारांहून अधिक लोकसंख्या असल्याने गुलमंडी शेजारच्या पेठांसह एका मोठ्या प्रभागाचा भाग झाली आहे. मतदारास एका वेळी चार मते द्यावी लागतात, आणि नळ आटला तर चौघांपैकी कोणाच्या दारी जावयाचे हे त्याला स्वतःच ठरवावे लागते.