२६ जुलै, कुर्ला : १२८ संदेश

दुपारी १२
पाऊस होता, पण जुलैत असतो तेवढाच. २००५ सालचा मंगळवार. कुर्ला पश्चिमेला, लालबहादूर शास्त्री मार्गापासून आत एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. मालवाहतुकीचा धंदा, ३१ टेम्पो, आणि लिनक्सचं एक मशीन. त्यावरचे प्रोग्राम मी लिहिले होते.

प्रोग्राम दोन. एक डिस्पॅच बघणाऱ्या ताईंच्या स्क्रीनचा. दुसरा सिरियल पोर्टला जोडलेल्या जीएसएम मोडेममधून ड्रायव्हरांना एसएमएस सोडणारा. ते एकमेकांशी थेट बोलत नसत. मध्ये होती ऑपरेटिंग सिस्टीमची मेसेज क्यू, म्हणजे संदेशांची रांग, युनिक्सच्या सिस्टीम फाइव्हपासून चालत आलेली. पहिल्याने संदेश कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, स्वाधीन करायचा आणि पुढच्या कामाला लागायचं. दुसऱ्याने सवड होईल तसा उचलायचा. कर्नलने संदेश घेतला की ताईंच्या स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत ‘पाठवला’ असं उमटे. तो शब्द मी निवडला होता. तिथे ‘रांगेत’ हा शब्द हवा होता.

दुपारी २.४०
आभाळ फाटलं. खिडकीतून समोरची इमारत दिसेना. २.३० ते ३.३० या एका तासात सांताक्रूझला १९० मिलिमीटर पाऊस झाला, हे नंतर कळलं. शहराची जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेली.

जो तो मोबाइलवरून घरी फोन लावत होता आणि नेटवर्क गुदमरत होतं. एरवी चार सेकंदांत जाणाऱ्या एसएमएसला दोन-दोन मिनिटं लागू लागली. मोडेम संथ झाला, ताईंची बोटं मात्र नेहमीच्याच वेगाने चालली होती. क्यू वाढू लागली. स्क्रीन हिरवाच.

दुपारी ३.३०
साहेब ओले होऊन वर आले. “सगळ्या गाड्या परत बोलवा. जिथे उंच जागा मिळेल तिथे थांबा म्हणावं.”

ताईंनी ३१ संदेश टाकले. “गेले ना रे सगळे?”

“हो ताई, हिरवं दाखवतंय.”

त्या क्षणी क्यूमध्ये आधीचे चाळीसेक संदेश पडून होते. कुठला पत्ता बदलला, कुठे पावतीवर सही घ्यायची, असे. त्यांच्यामागे ‘परत फिरा’ जाऊन उभं राहिलं.

या क्यूत प्रत्येक संदेशावर प्रकाराचा एक आकडा असतो. तातडीच्या संदेशाला १ आणि साध्याला ५ दिला, आणि उचलणाऱ्या प्रोग्रामने मागताना ऋण आकडा दिला, तर कर्नल सर्वांत लहान आकड्याचा संदेश आधी काढून देतो. सोय तयार होती. मी मागताना शून्य लिहिलं होतं. शून्य म्हणजे जो आधी आला तो आधी. मोडेम दोन मिनिटांना एक या गतीने पुढची २२ मिनिटं चालला. तेवढ्यात ११ गाड्यांना तरी निरोप मिळाला असता. त्याऐवजी ११ जणांना पत्ते आणि पावत्या गेल्या.

दुपारी ३.५०
भरती, ४.४८ मीटरची. पवई-विहारकडून येणारी मिठी नदी कुर्ल्याच्या वस्त्यांमधून वाकत माहीमच्या खाडीला मिळते. समुद्राने तिचं तोंड दाबून धरलं आणि पाणी मागे फिरलं.

३.५२ ला मोडेमकडून ‘ओके’ आलंच नाही. माझा प्रोग्राम त्या उत्तराची वाट बघत थांबला. किती वेळ थांबायचं, याची मर्यादा मी घातलेली नव्हती.

संध्याकाळी ५.०५
आमचा एकेक संदेश १२८ बाइटचा आणि लिनक्सची एक क्यू, आपण वाढवली नाही तर, १६,३८४ बाइटची. म्हणजे बरोबर १२८ संदेश. १२९वा टाकताना ताईंचा स्क्रीन गोठला. क्यू भरली की जागा होईपर्यंत टाकणाऱ्याला झोपवून ठेवायचं, हा कर्नलचा नियम आहे. ‘थांबू नकोस, लगेच नकार दे’ असं सांगणारा पर्याय असतो. तो लावला असता तर निदान लाल अक्षरं दिसली असती.

दोन तास हिरव्या अक्षरांवर आम्ही विश्वास ठेवला होता. काहीतरी बिनसलंय याची ही पहिली खूण.

संध्याकाळी ५.४०
वीज गेली. यूपीएस ओरडू लागला. खाली तळमजल्यावरच्या दुकानाच्या शटरला पाणी अर्ध्यावर लागलं होतं.

“मशीन अडकलंय. रीस्टार्ट कर,” साहेब म्हणाले.

मी केलं.

या एका कृतीचा हिशेब मी आजवर मांडत आलो आहे. क्यू प्रोग्रामची नसते, कर्नलची असते. अडकलेला प्रोग्राम मारून पुन्हा सुरू केला असता, तरी १२८ संदेश जागेवर राहिले असते. एक छोटा प्रोग्राम लिहून ते काढता आले असते, वहीत उतरवता आले असते, कुणाला काय कळलेलं नाही याची यादी हाती आली असती. ऑफिसचा लँडलाइन तर चालू होता. पण क्यू राहते मेमरीत, डिस्कवर नाही. मशीन उठलं तेव्हा ती कोरी होती.

रात्री ९
लँडलाइन वाजत राहिला. एका ड्रायव्हरमामांच्या घरून फोन आला. “भाऊ, ह्यांना परत यायचा निरोप मिळाला का?”

मला सांगता येईना. दिला होता, एवढंच माहीत होतं. ते मामा कलिन्याजवळ टेम्पोच्या टपावर रात्रभर बसून होते.

२७ जुलै, सकाळी ८.३०
सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर. कुलाब्याला ७३. दक्षिण मुंबईत बसलेल्याला खिडकीतून यातलं काही दिसण्यासारखं नव्हतं. शहराच्या दोन टोकांमध्येही निरोप असाच कुठेतरी पडून राहिला असणार, असं मला वाटतं. महापालिकेने पुढच्या वर्षी दर पंधरा मिनिटांनी आकडे पाठवणारी ३५ पर्जन्यमापक केंद्रं उभारली.

आमचे ३१ ड्रायव्हर परतले, शेवटचा २८ तारखेला. राज्यात त्या पावसाने हजारावर माणसं नेली.

तुमच्या हाताखाली असा प्रोग्राम चालत असेल, तर आज घरी जाण्याआधी त्या मशीनवर ‘आयपीसीएस -क्यू -टी’ ही आज्ञा चालवा. प्रत्येक क्यूपुढे शेवटचा संदेश कधी टाकला गेला आणि शेवटचा कधी उचलला गेला, या दोन वेळा दिसतील. दुसरी वेळ पहिलीच्या खूप मागे असेल, तर मशीन रीस्टार्ट करू नका. आधी आतले संदेश वाचून घ्या.