शोधयंत्र इष्टतमीकरण
शोधयंत्र इष्टतमीकरण किंवा एसईओ म्हणजे शोधयंत्राच्या निकालांत वेबपृष्ठ वरच्या क्रमांकावर दिसावे यासाठी त्याच्या मजकुरात व रचनेत केलेले बदल होत. यात शीर्षक, उपशीर्षके, दुवे, चित्रांची वर्णने व शोधासाठी वापरले जाणारे शब्द यांचा विचार होतो.

१९९० च्या दशकात अल्टाव्हिस्टासारखी शोधयंत्रे मुख्यतः पृष्ठावरील शब्दांवर अवलंबून असत. त्यामुळे एकच शब्द वारंवार लिहिणे, पार्श्वभूमीच्या रंगात मजकूर लपवणे असे गैरप्रकार वाढले. १९९८ मध्ये लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी मांडलेल्या पेजरँक पद्धतीने इतर पृष्ठांवरून येणाऱ्या दुव्यांना महत्त्व दिले. पुढे दुव्यांचीही खरेदी-विक्री सुरू झाली. वाचकाला न दिसणारा कीवर्ड टॅग क्रमवारीसाठी वापरत नसल्याचे गूगलने २००९ मध्ये जाहीर केले. २०११ च्या ‘पांडा’ बदलाचा रोख निकृष्ट मजकुरावर होता.