जुन्या हाउसबोटीचे इंजिन बदलताना

देहू : इंद्रायणीत फोफावणारी जलपर्णी नौकेच्या इंजिनाचीही वैरीण असते, थंडाव्यासाठी बाहेरचे पाणी ओढणारी नळी ती तुंबवते. जुन्या हाउसबोटीसाठी इंजिन निवडताना म्हणूनच आधी पाणी पाहावे, अश्वशक्ती नंतर. वनस्पतींनी भरलेल्या पाण्यात बंद नळ्यांतून फिरणारे शीतक बरे. तारकर्लीसारख्या खाडीत खाऱ्या पाण्याच्या गंजाचाही विचार हवा.

हाउसबोट पाण्यावर तरंगत धावत नाही, ते ढकलत चालते. पाण्याच्या रेषेवर ५० फूट लांब नौकेची वेगमर्यादा सुमारे साडेनऊ नॉट. त्यापुढे मोठे इंजिन केवळ डिझेल जाळते. मोठा, सावकाश फिरणारा पंखा आणि त्याला जुळणारा गिअरबॉक्स यांवर केलेला खर्चच सार्थकी लागतो.

विजेची मोटर शांत आणि धूरविरहित. मात्र एक लिटर डिझेल पंख्याला जेवढी ऊर्जा देते, तेवढी साठवण्यास शिसे-आम्लाची जवळपास शंभर किलो बॅटरी लागते. लिथियमने हे ओझे पुष्कळच हलके केले. केरळमध्ये २०१७ पासून चालणारी ७५ आसनी सौर फेरी ‘आदित्य’ हे त्याचे उदाहरण. अर्थात तिचा मार्ग ठरलेला आणि आखूड आहे.

इंजिन बसवल्यावर शाफ्टची सरळ रेष नौका पाण्यात उतरवून पुन्हा तपासावी. जुना सांगाडा जमिनीवर एक आकार धरतो, पाण्यात दुसरा.