कोटणीसांचे दुखणे

सोलापूर म्हटले की गिरणीचा भोंगा आणि चादर आठवते. परंतु याच शहरात १० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मलेले द्वारकानाथ कोटणीस, १९३८ च्या भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला जाऊन रणांगणावरील जखमींवर शस्त्रक्रिया करीत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराने निवर्तले; या दुखण्याचे नाव मात्र त्यांच्या चरित्रकथेत दबक्या आवाजातच घेतले जाते. वास्तविक मेंदूज्वर, मेंदूचा क्षय किंवा मेंदूत शिरलेल्या पट्टकृमीच्या अळ्या यांचा संसर्ग शमला तरी मागे उरणाऱ्या व्रणातून उद्भवणारे अपस्माराचे झटके वैद्यकाला सुपरिचित आहेत. आमच्याकडे मात्र रुग्णाच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरण्याचाच शिरस्ता! मृत्युसमयी कोटणीसांचा पुत्र यिनहुआ चार महिन्यांचाही नव्हता. त्या नावातील ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन.