इंग्लंडांतील दरिद्रगृहें आणि वृद्धांची शुश्रूषा

१८३४ सालीं इंग्लंडांत गरिबांचा नवा कायदा झाला, तो धडधाकट पण आळशी माणसाला डोळ्यांपुढें ठेवून. त्याचा भार मात्र पडला म्हाताऱ्यांवर. ज्याला मदत हवी असेल त्यानें ‘वर्कहाऊस’मध्यें, म्हणजे दरिद्रगृहांत, येऊन राहावें, आणि तेथील राहणी बाहेरच्या अगदीं गरीब मजुराच्या राहणीहून कांहीं तरी हलकीच असावी, असें त्या कायद्याचें तत्त्व होतें. आळशी माणूस त्या धाकानें दूर राहिला. ज्यांना दुसरा उपायच नव्हता तीं थकलेलीं, आजारी माणसें आंत आलीं, आणि आळशासाठीं योजलेली शिक्षा त्यांना भोगावी लागली. नवराबायकोंनाहि निरनिराळ्या दालनांत ठेवीत. साठीच्या पुढील जोडप्यांची सक्तीनें ताटातूट करूं नये, अशी सवलत १८४७ सालीं मिळाली खरी. पण त्यांच्यासाठीं निराळ्या खोल्या कोण बांधणार? पुष्कळ ठिकाणीं ती सवलत कागदावरच राहिली.

लंडनमध्यें स्ट्रँड भागाचें असें एक दरिद्रगृह क्लीव्हलंड स्ट्रीटवर होतें. १८५३ सालीं चहाचे व्यापारी म्हणून प्रसिद्ध असलेल्या ट्वायनिंग घराण्यांतील लुईझा ट्वायनिंग ही बाई आपल्या घरच्या एका जुन्या दाईला भेटावयास तेथें गेली. तिनें जें पाहिलें तें तिच्या मनांतून जाईना. इतर स्त्रियांनींहि नियमानें तेथें जावें, वृद्धांजवळ बसावें, म्हणून ती खटपट करूं लागली. व्यवस्थापकांना हें रुचलें नाहीं. बाहेरचा माणूस आंत आला कीं बाहेर जाऊन बोलणारच! तरी १८५८ सालीं तिच्या खटपटीनें दरिद्रगृहांना भेटी देणाऱ्यांची एक संस्था उभी राहिली.

याच घरांत १८५६ सालीं डॉक्टर जोसेफ रॉजर्स वैद्यकीय अधिकारी झाले. पगार वर्षाला ५० पौंड. आणि रोग्यांचीं औषधेंहि त्यांनीं त्यांतूनच द्यावयाचीं! म्हणजे जो डॉक्टर औषध अधिक देईल त्याच्या घरीं भाकरी कमी. आवारांत बाहेरच्या लोकांचे गालिचे झोडपण्याचें काम चाले. त्याचें उत्पन्न संस्थेला मिळे, आणि त्याच्या धुरळ्यामुळें व आवाजामुळें रोग्यांच्या खिडक्या बंद ठेवाव्या लागत. व्यवस्थापक मंडळी दुष्ट होती असें मी म्हणणार नाहीं. करदात्यांनीं त्यांना निवडून दिलेलें असे, आणि कर वाढूं न देणें हीच त्यांची फुशारकी होती.

परंतु सर्वांत वाईट स्थिति शुश्रूषेची होती. परिचारिका म्हणून नेमलेल्या बायका तेथल्याच निराधार स्त्रिया असत. त्यांतल्या पुष्कळ स्वतःच म्हाताऱ्या. पगार नाहीं, मोबदला म्हणून थोडें अधिक अन्न आणि बिअर व जिन. पडून राहिलेल्या एखाद्या म्हातारीनें रात्रीं पाणी मागितलें तर उठणारी बाई अशी! तिनें दुर्लक्ष केलें तर तिला काढून टाकणार कोठें? ती तेथलीच.

सरकारी तपासनीस नव्हते काय? होते. मी शाळामास्तर होतों. तपासनीस येणार म्हटलें कीं आमच्या भिंतींना चुना लागे आणि फळ्यावर सुविचार उमटे. म्हणून तपासणीच्या शेऱ्याची खरी किंमत मी जाणून आहें. १८६४ च्या अखेरीस होबर्नच्या दरिद्रगृहांतील हयगयीनंतर टिमथी डेली नांवाचा मजूर मरण पावला आणि वृत्तपत्रांतून ओरड झाली. तेव्हां ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकानें १८६५ सालीं स्वतःचेच तपासनीस धाडले. अर्नेस्ट हार्ट, फ्रान्सिस अँस्टी व विल्यम कार हे ते तीन डॉक्टर. त्यांनीं लंडनच्या रुग्णदालनांतील गर्दी, कोंदट हवा व परिचारिकांची अपात्रता गृहाच्या नांवानिशीं छापली.

त्याच वर्षीं लिव्हरपूलच्या ब्राउनलो हिल येथील प्रचंड दरिद्रगृहांत एक निराळा प्रयोग झाला. विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्यानें खर्च सोसला, आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या शाळेंत शिकलेली ॲग्नेस जोन्स बारा शिक्षित परिचारिका घेऊन तेथें गेली. रोगी बाराशेंच्या घरांत. तेथल्याच निराधार स्त्रियांना हाताखालीं शिकवून पाहिलें. तें साधलें नाहीं. पण पगारी व शिकलेल्या हातांनीं दालनें पालटलीं. १८६८ च्या फेब्रुवारींत टायफस तापानें ती वारली. वय अवघें ३५.

१८६७ च्या कायद्यानें लंडनमध्यें रुग्णालयें दरिद्रगृहांपासून वेगळीं करण्याचा मार्ग मोकळा झाला. आणि त्यासाठीं झगडलेल्या रॉजर्सचें काय झालें? १८६८ सालीं त्यांना त्या जागेवरून जावें लागलें. निराधारांकडून शुश्रूषा करून घेण्यास साफ मनाई होण्यास १८९७ साल उजाडलें! दरम्यान १८९० नंतरच्या चार-पांच वर्षांत वृद्धांना तंबाखू व चहाची कोरडी पत्ती देण्याची परवानगी झाली. ही गोष्ट मला लहान वाटत नाहीं. ठराविक घंटेला वाढलेला चहा निराळा, आणि आपल्या मनाला येईल तेव्हां, आपल्या हातानें, आपल्याला हवा तितका दाट केलेला चहा निराळा. ज्यानें घर गमावलें आहे त्यालाच हा फरक समजेल.

इमारती मात्र उभ्याच राहिल्या. १९३५ सालीं लंडनजवळ आयल्वर्थ येथें वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारचें जुनें दरिद्रगृह आलें आणि डॉक्टर मार्जरी वॉरन यांच्याकडे ७१४ जुनाट रोगी सोंपविण्यांत आले. हे बरे होणार नाहींत, असें धरून त्यांतल्या पुष्कळांना नुसतें निजवून ठेवलेलें होतें. बाईंनीं एकेकाला तपासलें. कोणाला काय झालें आहे याची नोंद केली. भिंतींना उजळ रंग दिला, धरून चालण्यासाठीं कठडे बसविले आणि त्यांना अंथरुणांतून उठविण्यास प्रारंभ केला. अंथरुणाला खिळलेले म्हणून ज्यांची गणना होती, त्यांतले कित्येक चालूं लागले आणि कांहीं आपल्या घरीं परत गेले.